बावन्न पायऱ्या आणि तीन इंचांचा मावळा

दुकानातून आणलेला मावळा दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवला की किल्ला एकदम बुटका का दिसायला लागतो? दर आश्विनात अंगणाअंगणांत हा प्रश्न निघतो आणि त्याचं ठरलेलं उत्तर येतं : माती कमी पडली. मग आणखी दोन पाट्या माती येते, किल्ला वीतभर वाढतो, आणि मावळा त्याच्यावर तितकाच अवाढव्य दिसत राहतो.

कमी पडतो तो हिशोब. कुठलीही वस्तू लहान करताना आपण तिची लांबी, रुंदी, उंची कमी करतो. वजन, ताकद, पाणी, उष्णता, वेळ यांना मात्र आपण काय ठरवलंय हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या वेगळ्या नियमाने लहान होते. काही तर होतच नाहीत. प्रतिकृती करताना जे जे फजितीचे प्रसंग घडतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून या प्रकरणात फजितीच्या वाटेनेच पुढे जाऊ.

उदाहरणाला रायगड न घेता वज्रेश्वरीचं देऊळ घेतलं आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी, दगडी तटाच्या आत, बावन्न पायऱ्या चढून जायचं असं हे देऊळ. किल्ल्याचा तट हवा असणाऱ्यांना तट मिळतो, नदी हवी असणाऱ्यांना नदी, शिवाय जवळच गरम पाण्याची कुंडं आहेत. म्हणजे चुकायला जागा भरपूर.

१. आधी माणूस, मग दगड

बाजारात मिळणारा मावळा साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच उंच असतो. खरा माणूस १६५ सेंटिमीटरचा धरू. १६५ ला साडेसातने भागलं की येतात २२. याचा अर्थ मावळ्याचं जग खऱ्या जगाच्या बाविसाव्या हिश्शाचं आहे. हे प्रमाण १:२२ असं लिहितात. मावळा ज्या जगात उभा राहणार त्या जगातली प्रत्येक लांबी आता २२ ने भागायची. नियम एवढाच.

देवळाची एक पायरी १७ सेंटिमीटर उंच धरू. तिचे झाले पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. अशा बावन्न पायऱ्या रचल्या की उंची भरते ४० सेंटिमीटर. अंगणात सहज मावेल अशी.

प्रत्यक्षात काय होतं? पायरी म्हणून वीट ठेवली जाते, कारण वीट हाताशी असते. वीट आडवी ठेवली तरी ती तीन इंच जाड, म्हणजे नेमकी मावळ्याएवढी उंच. बिचाऱ्या मावळ्याला देवीच्या दर्शनासाठी स्वतःच्या उंचीची भिंत बावन्न वेळा चढायची असते. सहाव्या विटेशी अंगणातल्या विटा संपतात, ही त्याच्यावर झालेली कृपाच.

या पायऱ्यांपैकी एकीवर कोरलेलं सोनेरी कासव आहे. भाविक त्याची कूर्म म्हणून पूजा करतात. खरं कासव वीतभर धरलं तरी प्रतिकृतीत ते एक सेंटिमीटरचं व्हायला हवं. खेळण्यांच्या डब्यातून जे येतं ते सात सेंटिमीटरचं प्लास्टिकचं कासव. त्याला २२ ने गुणा. दीड मीटर लांबीचं कासव पायरीवर बसलंय आणि त्याला वळसा घालून वर जायला जागा उरलेली नाही.

मग रायगड का नाही, हे आता सांगता येईल. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८२० मीटर. याच मावळ्यासाठी तो करायचा तर ३७ मीटर उंच होईल, बारा मजली इमारतीएवढा. म्हणून अंगणातला कोणताही रायगड हा मावळ्याच्या मानाने एक उंचवटा असतो. त्यावर उपाय माती वाढवण्याचा नाही, मावळा लहान करण्याचा आहे. एक सेंटिमीटरच्या मावळ्याला १:१६५ चं प्रमाण लागतं. एवढे मावळे शाडूच्या मातीचे हाताने करता येतात. त्यांना नाकडोळे नसले तरी चालतं, पागोट्याचा लाल ठिपका पुरतो.

एक अपवाद मात्र मला मनापासून मान्य आहे. सिंहासनावरची महाराजांची मूर्ती बाकी सगळ्यांपेक्षा मोठी असते, कधी दरवाजापेक्षाही. तिथे माप उंचीचं नसून मानाचं आहे. जुन्या चित्रांत आणि शिल्पांत राजा किंवा देव मोठा आणि सेवक लहान दाखवण्याची रीत आहेच, पोरं तीच पाळतात. तिथे फूटपट्टी घेऊन जाऊ नये.

२. एकास एक

प्रतिकृती लहानच असली पाहिजे असं नाही. वज्रेश्वरीला पोचल्यावर समोर दिसणारा नगारखान्याचा दरवाजा वसईच्या किल्ल्याच्या दरवाजासारखा बांधला आहे असं सांगतात, आकारानेसुद्धा. चिमाजी आप्पांनी वसई पोर्तुगिजांकडून जिंकली ती मे १७३९ मध्ये. मोहिमेत त्यांनी देवीला नवस केला होता आणि विजयानंतर हे देऊळ उभं राहिलं, ही परंपरा तिथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. जिंकलेल्या दरवाजाची आठवण दगडात आणि पूर्ण मापात ठेवावी, ही कल्पना मला विलक्षण वाटते. पूर्ण मापाच्या प्रतिकृतीत या प्रकरणातल्या एकाही अडचणीला वाव नसतो, कारण दगडाला दगडाचंच वजन असतं आणि माणसाला माणसाचीच उंची.

आपण करणार ती मात्र या प्रतिकृतीची प्रतिकृती. आणि ती पुठ्ठ्याची.

३. घरी उभा राहिलेला दरवाजा मंडपात का वाकला?

घरी २० सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा नगारखाना छान उभा राहतो. त्याचं कौतुक होतं. मग सोसायटीतले मोठे दादा ठरवतात की यंदा मंडपात हाच एक मीटरचा करू, सगळी मापं पाचाने गुणली की झालं. मापं बरोबर गुणली जातात, कापणं सुबक होतं, आणि रात्री दरवाजावरची आडवी पट्टी मधोमध झुकते. सकाळी नगारखाना दोन्ही हात जोडून बसलेला असतो. ‘डिंक कच्चा निघाला,’ असा निकाल लागतो. डिंक निर्दोष आहे.

काडेपेटी घ्या. तिच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच असा ठोकळा काडेपेट्यांनीच रचा. किती लागल्या? आठ. तळाशी किती आहेत? चार. म्हणजे वजन आठपट झालं आणि ते पेलणारी जागा चौपटच झाली. तळाच्या प्रत्येक काडेपेटीवर आता दुप्पट भार आला. पाचपट केलं असतं तर वजन १२५ पट, जागा २५ पट, आणि भार पाचपट. आकार वाढतो तसं वजन ताकदीच्या पुढे धावतं, ते असं.

दादांच्या दरवाजात आणखी एक गोष्ट झाली. लांबी-रुंदी पाचपट केली, पण पुठ्ठा तोच वापरला. जाडी पाचपट झाली नाही. अशी आडवी पट्टी स्वतःच्याच वजनाने वाकते तेव्हा तिच्यातला ताण पाचपट होऊन थांबत नाही, पंचवीसपट होतो. उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या न ठेवता धारेवर उभ्या चिकटवायच्या, आणि त्यांच्यावर वरचा पुठ्ठा टाकायचा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांची दिशा दरवाजाच्या रुंदीबरोबर जाईल असं बघायचं. आडव्या दिशेने कापलेला पुठ्ठा नळीनळीवर दुमडतो.

ही भानगड जुनी आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथाची सुरुवातच व्हेनिसच्या गोदीतून होते. मोठं जहाज पाण्यात सोडताना त्याला लहान जहाजापेक्षा कितीतरी जास्त आधार का द्यावे लागतात, असा प्रश्न तिथे येतो. नुसतं मोठं केलेलं जहाज आपल्याच वजनाने मोडेल, हे त्याचं उत्तर. उंच गणेशमूर्तीच्या पोटात सांगाडा लागतो आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला लागत नाही, तेही याच कारणाने.

उलट बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लहान प्रतिकृती गरजेपेक्षा फार मजबूत असते. काड्यांच्या पुलावर विटा ठेवून दाखवल्या म्हणजे त्याच नकाशाचा खरा पूल गाड्या पेलेल, असं सिद्ध होत नाही.

४. अदृश्य झालेला बुरुज

पुठ्ठा नको म्हणून कोणी थर्माकोलचा बुरुज कोरतो. कोरायला सोपा, दिसायला गुळगुळीत. शेवटी दगडी रंग हवा म्हणून फवाऱ्याच्या डब्यातला रंग मारला जातो. फस्स असा आवाज येतो आणि बुरुजाला खड्डे पडायला लागतात. जितका रंग मारावा तितका बुरुज आत जातो. वसईचा तट पाडायला जे सुरुंग लावावे लागले होते, त्यांचं काम इथे रंगाने पाच मिनिटांत केलेलं असतं.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे फुगवलेले मणी. त्यात बहुतांश हवाच असते, प्लास्टिकच्या भिंती फार पातळ. फवाऱ्याच्या रंगात, तैलरंगाच्या थिनरमध्ये आणि रबरासारख्या चिवट डिंकांत जे द्रावक असतं, ते या प्लास्टिकला विरघळवतं. भिंत विरघळली की हवा सुटते आणि टोचलेल्या पुरीसारखा सगळा फुगीरपणा बसतो. प्लास्टिक कुठे गेलेलं नसतं, चिकट थर होऊन तळाशी पडलेलं असतं. पाण्यात कालवलेला रंग आणि सुतारकामाचा पांढरा डिंक यांनी असं होत नाही.

आता हा धडा शिकण्याची वेळ सहसा येऊ नये, कारण महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बुरुज माती, पुठ्ठा आणि गोणपाटाचाच चांगला.

५. मातीला तडे

विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. दुसऱ्या दिवशी तटाला तडे गेलेले असतात आणि त्यातून पोत्यावरची खताच्या कंपनीची अक्षरं वाचता येतात. मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. ते उडालं की कण जवळ सरकतात आणि थर आक्रसतो. जाड थर असला तर वरचा भाग आधी सुकून आक्रसतो, आतला ओला भाग त्याला आक्रसू देत नाही, आणि ओढाताणीत वरचा फाटतो. म्हणून एकच जाड लेप न देता पातळ पातळ दोन-तीन द्यावेत, मातीत वाळू किंवा भाताचा तूस मिसळावा, आणि किल्ला उन्हात न ठेवता सावलीत वाळू द्यावा. भिवंडी–वाडा पट्ट्यात भाताच्या गिरण्या आहेत, तुसाला तोटा नाही.

६. हरवलेला डोंगर

शाळेच्या प्रदर्शनासाठी एखादा गट जास्त मोठा बेत करतो : वसई ते माहुली असा सगळा मुलूख फळीवर दाखवायचा. समुद्र, तानसा नदी, वज्रेश्वरी, आणि पूर्वेला आसनगावजवळचा माहुली किल्ला. प्रमाण घेतलं १:५०,०००, म्हणजे एक किलोमीटरला दोन सेंटिमीटर. हे प्रमाण उत्तम आहे, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही याच प्रमाणात निघतात.

मग उंची मोजायला घेतात आणि चेहरे पडतात. माहुलीची उंची सुमारे ८५८ मीटर. पन्नास हजारांनी भागली की पावणेदोन सेंटिमीटर. ठाणे जिल्ह्यातला मातबर डोंगर, ज्याचे सुळके महामार्गावरून जाताना मान वर करून बघावे लागतात, तो फळीवर अंगठ्याच्या पेराएवढासुद्धा होत नाही. वज्रेश्वरीची टेकडी तर रंगाच्या थराखालीच जाते.

यात गणित चुकलेलं नाही. पृथ्वी खरोखरच इतकी सपाट आहे. आपल्याला डोंगर प्रचंड वाटतात कारण आपण त्यांच्या पायथ्याशी उभे असतो. म्हणून उठावाचे नकाशे करणारे आडवी मापं एका प्रमाणात घेतात आणि उभी मापं त्याच्या चार-पाचपट वाढवतात. माहुली पाचपट केला की साडेआठ सेंटिमीटरचा होतो आणि ओळखू येतो. ही फसवणूक नव्हे, फक्त कोपऱ्यात लिहायला हवं : ‘उंची पाचपट वाढवली आहे.’ ही पाटी विसरली की बघणारा समजतो, तुंगारेश्वरचे डोंगर म्हणजे हिमालयच.

७. पाणी ऐकत नाही

सगळ्यात जास्त गंमत पाण्याने केली आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तानसा नदी दाखवायची. चिखलात बोटाने चर ओढला, निळा रंग दिला, वरून लोट्याने पाणी सोडलं. रंगवलेल्या चरातून पाणी नदीसारखं वाहत नाही. ते थेंबाथेंबांचे गोळे करून बसतं, मग दोन गोळे एकत्र येऊन अचानक घसरतात, मग पुन्हा थांबतात. धबधब्याची गत आणखी वाईट. कड्यावरून टपटप थेंब पडतात. चार मिलिमीटरच्या थेंबाला २२ ने गुणलं तर तो मावळ्यांच्या जगात नऊ सेंटिमीटरचा झाला. एवढाल्या गोळ्यांचा मारा होत असताना खाली ‘स्नानास जाणारे भाविक’ उभे केलेले असतात.

पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, त्यामुळे ते स्वतःला आवळून धरतं. खऱ्या नदीत पाण्याचं वजन आणि वेग या ताणाच्या कितीतरी पुढे असतात, म्हणून तो जाणवतही नाही. चर बोटभर रुंद झाला की तोच ताण मालक होतो. आपण नदी लहान केली, पाण्याचा ताण लहान केला नाही. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर ताण उतरतो आणि प्रवाह बराच सुधारतो. बहुतेक जण शेवटी काचेखाली निळा कागद घालतात, तेही शहाणपणाचं आहे.

कुंडाचीही तीच कथा. देवळाजवळच्या अकलोलीचं गरम पाण्याचं कुंड म्हणून वाटी पुरली, तिच्यात कढत पाणी ओतलं, वाफ निघाली, टाळ्या झाल्या. परीक्षक बाई येईपर्यंत पाणी गार. लांबी २२ पट कमी केली की पाण्याचा पृष्ठभाग ४८४ पट कमी होतो, पण पाणी १०,६४८ पट कमी होतं. म्हणजे प्रत्येक थेंबाच्या वाट्याला उष्णता गमावण्यासाठी २२ पट जास्त उघडी जागा येते. शिवाय खऱ्या कुंडाला खालून सतत नवं गरम पाणी मिळत असतं.

इथे आणखी एक अपघात नेहमी घडतो. गरम पाणी म्हणजे ज्वालामुखी, असं ठरवून कोणीतरी देवळामागच्या टेकडीत खायचा सोडा आणि व्हिनेगर ओततो. लाल फेस पायऱ्यांवरून उतरतो आणि मावळ्यांना घेऊन तानसेत जातो. मजा येते खरी, पण माहिती चुकीची जाते. इथला काळा खडक लाव्ह्याचाच, मात्र तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. केव्हाच थंड झालेला. आजचं पाणी गरम होतं ते खडकाच्या भेगांतून खोल जाऊन पुन्हा वर येतं म्हणून, कारण जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते. वज्रेश्वरी–गणेशपुरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. टेकडीवर फेस न सोडता तिच्या पोटात भेगा दाखवणारा एक काप करावा. परीक्षक बाईंनाही तो नवा असतो.

आणि वेळ. खऱ्या बावन्न पायऱ्यांच्या, म्हणजे सुमारे नऊ मीटर उंचीवरून सोडलेला दगड खाली यायला सुमारे १.३५ सेकंद लागतात. आपल्या ४० सेंटिमीटरच्या टेकडीवरून पडणारा खडा ०.२९ सेकंदात खाली. उंची २२ पट कमी झाली, वेळ मात्र ४.७ पटच कमी झाला, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणून पोरं मोबाइलवर बुरुज ढासळण्याचं चित्रण करतात तेव्हा तो बुरुज न वाटता बिस्किटाचा चुरा वाटतो. चित्रण पावणेपाचपट संथ करून पाहा. तोच बुरुज जड होतो. सिनेमावाले लहान प्रतिकृतींचं चित्रण वेगवान कॅमेऱ्याने करून संथ दाखवतात, त्याचं कारण हेच.

हाच हिशोब मोठी माणसं फार गंभीरपणे करतात, आणि तेही आपल्या पुण्याजवळ. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ सालची, मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी. तिथे धरणांचे सांडवे, नद्या, बंदरं यांच्या प्रतिकृती करून त्यांतून खरं पाणी सोडतात. त्या अंगणात मावणाऱ्या नसतात, मैदानाएवढ्या असतात, म्हणजे पृष्ठभागाचा ताण मालक होत नाही. खाडीच्या प्रतिकृतीत उभी मापं आडव्या मापांपेक्षा मोठी धरतात, माहुलीला आपण केलं तसंच, नाहीतर खाडीतलं पाणी कागदाइतकं पातळ होईल. भरतीचा वेळही लहान करावा लागतो. समजा सगळी मापं शंभरपट कमी केली, तर वेळ दहापट कमी होतो, आणि सव्वाबारा तासांहून थोडं जास्त चालणारं भरती-ओहोटीचं एक चक्र सुमारे सव्वा तासात उरकतं.

८. वळणावरची गाडी

किल्ल्याभोवती आगगाडी फिरवण्याचा मोह कोणाला आवरत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहून आलेली पोरं तर हट्टच धरतात. पण घरच्या फळीवर गाडी वळणावर घसरते. भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देत नाहीत. १:८७ या प्रमाणात त्याचे दोन मीटर होतात, म्हणजे नुसतं वळणच चार मीटर रुंद. दिवाणखान्यात एवढं मावत नाही, म्हणून वळण आवळलं जातं. मग वेग तरी आवरायला हवा, आणि लांब डब्यांच्या जागी आखूड डबे घ्यायला हवेत.

९. हळीव कधी पेरावे

शेवटी हिरवळ. हळीव दोन दिवसांत उगवतं, पाचव्या दिवसापर्यंत तीनेक सेंटिमीटर होतं. २२ ने गुणलं की ६६ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या वर आलेलं गवत. आश्विन-कार्तिकात खऱ्या टेकड्यांवरही तेवढंच असतं, त्यामुळे धनत्रयोदशीला पेरलेलं हळीव भाऊबीजेला अगदी मापात बसतं. नवरात्र संपताच उत्साहाने पेरलं, तर लक्ष्मीपूजनापर्यंत आठ सेंटिमीटर होऊन त्यात अख्खा मावळा बुडतो आणि पाहुण्यांना नुसतं एक शेत दिसतं. पायऱ्यांवर पेरू नये, मुळं पातळ लेप उचलून टाकतात. तटाच्या कडेला मात्र थोडं दाट पेरावं, म्हणजे तिथली माती धरून राहते.